जुन्या मारुती ८०० चं इंजिन ऑइल गळतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी १९९७ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतलेली, आता मी सांभाळतो. तिची बरीचशी कामं अंगणातच करत असल्यामुळे ओळखीचे लोक फोन करून विचारतात, त्यांनी नंबर दिलेले अनोळखी लोकही विचारतात, आणि निम्म्याहून जास्त प्रश्न ऑइल गळतीचे असतात. अगदी शेवटची ८०० सुद्धा जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक ८०० मधलं मूळ रबर दहा वर्षांहून जुनं आहे. ते कडक होणारच. पण चुकीचं निदान झालं की माणूस हजारो रुपये घालवतो आणि डाग तसाच राहतो, तेवढं टळावं म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय. ओम्नी, झेन, एस्टीम असेल तरी शोधायची रीत हीच, फक्त जागा थोड्या बदलतील.

१. गाडीखाली डाग पडतोय. तो इंजिन ऑइलचाच आहे हे कसं ओळखायचं?

रात्री गाडी लावताना इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागी खुणा करा. सकाळी थेंब कुठे पडला हेही कळतं आणि रंगही दिसतो. तपकिरी-काळं, बोटांत बुळबुळीत लागणारं ते इंजिन ऑइल. त्याहून दाट आणि गंधकासारखा उग्र वास येणारं ते गिअर ऑइल. हिरवट किंवा लालसर, पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर द्रव दिसला तर तो ब्रेक ऑइल असू शकतो. तसं असेल तर गाडी हलवूच नका, आधी ब्रेकचं काम करून घ्या. एसी लावून आल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी मात्र नेहमीचंच आहे.

२. थोडंफार गळत असताना गाडी चालवली तर चालेल का?

रुपयाएवढा डाग पडत असेल आणि काडीवरची (डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी) पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर गाडी चालते. दर आठवड्याला काडी बघायची आणि डिकीत एक लिटर ऑइल ठेवायचं.

तीन गोष्टी दिसल्या तर मात्र गाडी उभी करा. पहिली, चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. 'पुढच्या पंपापर्यंत नेतो' म्हणून नेलेल्या गाडीची बेअरिंगं त्या दोन किलोमीटरमध्ये जातात. दुसरी, तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप) पडून धूर येतोय. तिथे आग लागू शकते. तिसरी, गाडी थांबवल्यावर खाली धारच लागते. लाल दिवा पातळी फार खाली गेल्यावरच लागतो, म्हणून 'दिवा लागला नाही म्हणजे ऑइल आहे' असं धरून चालू नका.

३. काडी बघायची नेमकी रीत काय?

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. काडी काढायची, फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची आणि मग पुन्हा काढून बघायची. पहिल्यांदा काढल्यावर दिसते ती पातळी खरी नव्हे. वरच्या खुणेच्या वर भरू नका. जास्तीचं ऑइलही गळतीला कारण होतं.

४. सगळं इंजिनच तेलकट झालंय. गळती नेमकी कुठून सुरू होते हे कसं शोधू?

तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे उडतं. म्हणून थेंब पडतो ती जागा आणि तेल निघतं ती जागा सहसा वेगळी असते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

त्यासाठी आधी इंजिन धुवा. इंजिन गार असू द्या. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना आळीपाळीने वीज वाटणारा भाग), कॉइल, एअर फिल्टरचं तोंड आणि आल्टर्नेटर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी नीट बांधा. डिग्रीजर मारा, जुना दात घासायचा ब्रश घेऊन कानाकोपरा घासा, पाण्याने हलक्या हाताने धुऊन पूर्ण सुकू द्या. वॉशिंग सेंटरवर जोराचा फवारा डिस्ट्रिब्युटरवर मारून घेतला तर गाडी चालूच होणार नाही, तेव्हा तिथे उभं राहून सांगा.

इंजिन सुकलं की संशयाच्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. घरातली बाळाची पावडरही चालते. मग वीस-तीस किलोमीटर फिरून या, शक्य असेल तर थोडा चढ असलेल्या रस्त्याने, कारण इंजिन चांगलं तापलं की ऑइल पातळ होऊन लपलेल्या गळत्या उघड्या पडतात. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरवर गडद रेघ उमटलेली दिसते आणि ती रेघ वर जिथे संपते तिथून तेल येतंय. एकदा काही दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. बारीक पाझराला वेळ लागतो.

हे न करता थेट पॅकिंगं बदलायला घेऊ नका. माझ्याकडे आलेल्या प्रश्नांत 'अमुक बदललं, तमुक बदललं, तरी गळतंय' असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी इंजिन धुतलेलं नसतं.

५. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथून थेंब पडतो. मेकॅनिक म्हणतो मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं रबर) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरं असेल का?

असू शकतं. पण ८०० मध्ये त्याआधी एक जागा बघितल्याशिवाय हो म्हणू नका. कार्ब्युरेटरवाल्या ८०० ला डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरतो आणि हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसलेला असतो. त्याच्या बुडाशी एक रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली की तेल हेडच्या टोकावरून ओघळत गिअरबॉक्सच्या डोक्यावर येतं, तिथून बेल हाउसिंगच्या (क्लचवरचं कवच) कडेने खाली उतरतं आणि नेमकं मागचं सील गेल्यावर पडावं तिथेच टपकतं. टॅपेट कव्हरची (हेडवरचं झाकण) त्या बाजूची कड गळत असेल तरी तेल याच वाटेने येतं.

आमच्या गाडीला हेच झालं होतं. एका गॅरेजमध्ये गाडी खालून बघून सांगितलं, सील आणि क्लच दोन्ही करा, दोन दिवस गाडी ठेवा. वडील तयारही झाले होते. मी एक रविवार मागून घेतला. इंजिन धुतलं, पावडर टाकली, गावाबाहेर जाऊन आलो. बॉनेट उघडून वरून वाकून बघितलं तर डिस्ट्रिब्युटरच्या मानेखाली बोटभर रुंद ओली पट्टी, आणि तिथून खाली गिअरबॉक्सच्या पाठीवर काळी रेघ. ओ-रिंग काढली तेव्हा ती गोल राहिलेलीच नव्हती, एका बाजूने चपटी झाली होती. नखाने दाबल्यावर कट्‌कन तुटली. नव्या ओ-रिंगचे पैसे चहा-नाश्त्याएवढे झाले. त्यानंतर तो डाग पडलेला नाही.

मागचं सील खरंच गेलं असेल तर खुणा वेगळ्या असतात: वरचं सगळं कोरडं, पण बेल हाउसिंगच्या आतून, खालच्या भोकातून किंवा सांध्यातून तेल येतंय. बरोबरीने चढावर क्लच घसरणं, जळका वास येणं अशी लक्षणं दिसू शकतात. तेही असेल तर वास घ्या, कारण गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तरी तेल तिथूनच येतं, फक्त ते गिअर ऑइल असतं (वास कसा ओळखायचा ते प्रश्न १ मध्ये). गिअरबॉक्स उतरवायचाच झाला तर दोन्ही सीलं, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बघून घ्या. मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही.

६. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग घरी बदलता येते का?

पाना धरायची सवय असेल तर येते. घाई मात्र नको, खुणा चुकल्या तर गाडीचं टायमिंग (प्लगला ठिणगी पडायची वेळ) जातं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिस्ट्रिब्युटरची टोपी वायरींसकट बाजूला करा. पांढऱ्या मार्करने दोन खुणा करा: बॉडी हेडच्या बाजूला कुठे जुळते ती, आणि रोटरचं टोक कुठे बघतंय ती. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. मग बोल्ट सोडून डिस्ट्रिब्युटर सरळ बाहेर ओढा. ओढताना रोटर थोडा फिरतो. जिथे येऊन थांबला तिथे तिसरी खूण करा, कारण बसवताना तिथूनच सुरुवात करायची आहे. मधल्या वेळात गाडी ढकलू नका आणि इंजिन फिरवू नका.

जुनी ओ-रिंग काढून खाच फडक्याने स्वच्छ करा, नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि बसवा. इथे सिलिकॉन लावायची गरज नसते. नंतर एकदा गॅरेजमध्ये टायमिंग लाइट लावून घ्या. आणि टोपीच्या आत तेल दिसलं तर नुसती ओ-रिंग पुरणार नाही, डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं आतलं सील गेलंय. ते काम जाणकाराकडून करून घ्या.

७. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं. असं का?

बहुतेक वेळा बोल्ट फार आवळल्यामुळे. टॅपेट कव्हर पत्र्याचं असेल तर ते आवळण्याने वाकतं, बोल्टजवळ दबतं आणि मधे फाक पडते. गळतंय म्हणून आणखी आवळायचं, आणि मग आणखी गळतं.

कव्हर काढून काचेच्या टेबलावर उपडं ठेवा. डुगडुगत असेल किंवा कडेखालून प्रकाश दिसत असेल तर ती कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ करा, नाहीतर दुसरं कव्हर घ्या. हेडवरची कड जुन्या पॅकिंगच्या कणांपासून पूर्ण साफ हवी. पत्रीने खरवडताना ॲल्युमिनियमला ओरखडा पाडू नका आणि कचरा आत पडू देऊ नका. बोल्टखालचे रबरी वॉशरही बदला, तेल तिथूनही येतं. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा, मग छोट्या पान्याने आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पूर्ण मनगटाचा जोर इथे कधीच लावायचा नसतो. एवढं करूनही सुटलं तर पुढचा प्रश्न वाचा.

८. एक जागा बंद केली की दुसरीकडून गळतं. काय करावं?

मग पॅकिंगांना दोष देऊ नका, ब्रीदर बघा. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली इंजिनच्या पोटात येतच असतो. तो ब्रीदरच्या पाइपमधून एअर फिल्टरकडे किंवा इनटेक मॅनिफोल्डकडे जातो. पाइप काजळीने तुंबला, दबला किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा वायू सोडणारी झडप) अडकला की आत दाब वाढतो आणि जे सील सगळ्यात कमजोर असेल तिथून तेल बाहेर पडतं.

गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी फकफक चालते. पण झाकण थडथड उडत असेल, सतत धूर निघत असेल किंवा काडी आपोआप वर येत असेल तर दाब जास्त आहे. पाइप काढून पेट्रोलने धुवा (उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून), सुकवा, फुंकून बघा. पाइप मोकळा असूनही तसंच चाललं असेल तर रिंगा झिजल्यात. गॅरेजच्या भाषेत इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय'. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि मगच पुढचा खर्च ठरवा. अशा इंजिनावर नवीन पॅकिंगं लावत बसणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

९. टायमिंग बेल्टच्या बाजूने तेल येतंय. बेल्ट बदलायला अजून वेळ आहे, थांबू का?

थांबू नका. तिथे क्रँक आणि कॅम अशी दोन सीलं असतात. त्यांचं तेल बेल्टवर गेलं की रबर फुगतं, दात सुटतात आणि बेल्ट कुठेही जाऊ शकतो. सील बदलायला बेल्ट काढावाच लागतो, म्हणून दोन्ही सीलं आणि बेल्ट एकाच वेळी करा. तेल लागलेला बेल्ट पुसून परत लावू नये. नवं सील ठोकताना ते वाकडं बसू नये आणि शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच असेल तर मेकॅनिकला दाखवावी. सील किंचित आत-बाहेर बसवलं तर ओठ ताज्या जागी टेकतो.

१०. स्पीडब्रेकरला चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) घासला, तेव्हापासून ओलं दिसतं.

आधी काडी बघा, मग चेंबर. भेग असेल तर गाडी टोचन करून न्या. नुसता पोचा असेल तरी तो आतल्या ऑइल स्ट्रेनरला (ऑइल ओढणारी जाळी) टेकलाय का हे बघणं गरजेचं आहे, कारण तसं असेल तर ऑइल नीट ओढलं जात नाही. चेंबर बसवताना सिलिकॉनची धार बारीक आणि अखंड हवी. ढीगभर लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला लोंबतं, तुटतं आणि स्ट्रेनरची जाळी बंद करतं. ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ दिल्याशिवाय ऑइल भरू नका. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. विटांवरही नाही, वीट एका क्षणात फुटते. स्टँड किंवा पिटच वापरा.

११. बाहेरून एम-सील किंवा सिलिकॉन लावून भागेल का?

तेलकट जागेवर काहीच धरत नाही, आणि आतून येणारं तेल बाहेरचा थर उचलून टाकतं. प्रवासात चेंबरला छोटं भोक पडलं तर पूर्ण साफ करून एपॉक्सी लावून गावापर्यंत पोचता येतं, तेवढ्यापुरतंच. नंतर मेकॅनिकला ते खरवडण्यात वेळ जातो तो वेगळा.

१२. गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये टाकावं का? की दाट ऑइल भरावं?

ती औषधं कडक झालेलं रबर थोडं फुगवतात, त्यामुळे किंचित पाझर काही दिवस थांबू शकतो. फाटलेलं सील, वाकलेलं कव्हर किंवा तुंबलेला ब्रीदर त्याने दुरुस्त होत नाही. मी टाकत नाही. दाट ऑइलचंही तसंच: २० डब्ल्यू ४० ऐवजी २० डब्ल्यू ५० भरलं तर थेंब कमी होतील, गळती तिथेच राहील. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडच्या बाहेर जाऊ नका.

१३. ऑइल बदलून आणलं आणि दुसऱ्याच दिवसापासून गळतंय.

तीन जागा बघा. फिल्टर: जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावर बसला, तर दोन रिंगांमधून धार लागते. लगेच गाडी बंद करा. नवा फिल्टर रिंगला ऑइल लावून हाताने, रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा एवढाच आवळायचा. ड्रेन नट: वॉशर नवीन टाकलाय का? आट्या झिजल्या असतील तर आवळून उपयोग नाही, आट्या नव्याने पाडून घ्या. तिसरं, जास्त भरलंय का (प्रश्न ३).

१४. पातळी कमी होते, पण खाली एकही थेंब नाही.

मग तेल जळतंय किंवा चालतानाच गळतंय. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर आणि नंतर बंद, तर व्हॉल्व्ह सील. वेग घेताना सतत निळा धूर असेल तर रिंगा. धूर नसेल तर ऑइल प्रेशर स्विच तपासा. तिथे प्रेशर इंजिन चालू असतानाच असतं, म्हणून उभ्या गाडीखाली डाग पडत नाही. स्विचची वायर काढून बघा, टोकाशी तेल दिसलं तर स्विच बदला. काम सोपं आहे.

१५. माझी पातळी उलट वाढतेय. हे कसं?

हे गळतीपेक्षा गंभीर आहे, गाडी चालवू नका. काडी हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइल पाण्यासारखं पातळ वाटत असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता आहे. कार्ब्युरेटरवाल्या ८०० ला हा पंप कॅमशाफ्टवरच चालतो, त्यामुळे फाटल्यावर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. पंप बदलून ऑइल आणि फिल्टरही बदला. ऑइल दुधाळ असेल तर त्यात कूलंट गेलंय, प्रश्न १६ पाहा.

१६. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसतो. हेड पॅकिंग गेलं का?

लगेच घाबरू नका. पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पूर्ण तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली जमते आणि ऑइलमध्ये मिसळून सायीसारखा फेस होतो. झाकण पुसा, तासभर मोठ्या रस्त्यावर चालवून आणा आणि पुन्हा बघा. काडीवरचं ऑइल स्वच्छ आणि रेडिएटरचं पाणी जागच्या जागी असेल तर काही झालेलं नाही. काडीवरही दुधाळ रंग, रेडिएटर कमी होतोय, गाडी तापतेय, हे एकत्र दिसलं तर मात्र हेड पॅकिंगची तपासणी करा, आणि तोवर गाडी चालवू नका.

१७. गाडी वर्षभर उभी होती. चालू केल्यावर चारही बाजूंनी पाझर. सगळं उघडावं का?

उभ्या गाडीत सीलचा ओठ कोरडा पडतो. ऑइल आणि फिल्टर बदला, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, दर खेपेला काडी बघा. काही पाझर आपोआप बंद होतात. जे उरतील तेवढेच प्रश्न ४ च्या रीतीने शोधा. टायमिंग बेल्टची बाजू मात्र याला अपवाद, तिथे वाट बघू नका.

१८. गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणी नव्याने करायची आहे. गळतीची अडचण येईल का?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवतात. तपासणीला तेलाने माखलेलं इंजिन घेऊन जाऊ नका. पण फक्त धुऊन नेण्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी टॅपेट कव्हर, ओ-रिंग आणि ड्रेन वॉशर ही स्वस्तातली कामं उरकून घ्या. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत अजून सहज मिळतात. जाताना जुना भाग बरोबर न्या, नुसत्या नावावर ओ-रिंग घेतली तर माप हमखास चुकतं.

१९. काढलेल्या काळ्या ऑइलचं काय करू?

गटारात, विहिरीजवळ, कुंपणाच्या कडेला कुठेच ओतू नका. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासण्याची जुनी सवय आहे, तीही सोडा. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. जुन्या ऑइलच्याच कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा आणि वापरलेलं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरवर द्या. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळून घ्या आणि तोही त्यांच्याकडेच द्या.